हो म्हणणारा खजिनदार: एका मंडळीतले प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे शाकारणीची अखेरची संधी. एकदा पाऊस लागला की चार महिने कौलाला हात लावता येत नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका आठवड्यात मिस्त्री सकाळीच आमच्या पाळकगृहाच्या पायरीवर येऊन बसला. उपासनामंदिराचे वासे कुजले होते. ते बदलून नवी कौले घालायची होती आणि दीड लाख आगाऊ द्यायचे ठरले होते. छपराच्या निधीत १,८६,००० रुपये जमले आहेत, असे आमच्या खजिनदारांनी ईस्टरनंतरच्या सभेत सर्वांसमोर वाचून दाखवले होते. मी त्यांना फोन केला.

"हो हो पाळकसाहेब, आणतो की लगेच."

तेव्हा दहा वाजले होते. संध्याकाळी सहापर्यंत ते आले नाहीत. फोन मात्र चार वेळा उचलला आणि चारही वेळा "निघालोच" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बँकेत गेलो. खात्यात १,२६,००० होते.

कमी पडलेले साठ हजार पुढे परत आले. तरी हे प्रकरण मी लिहून काढतो आहे, कारण यात चोरीचा हेतू कुठेच नव्हता आणि तरीही गोष्ट चोरीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. असा माणूस आमच्या सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत असतो आणि तो सगळ्यांना हवाहवासा असतो. लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव, ओळख पटेल असे तपशील ठेवलेले नाहीत. इथे त्यांना फक्त भाऊ म्हणतो.

भाऊ

भाऊ एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. किनारपट्टीवरच्या उडुपीत १९२८ साली सुरू झालेली ही रोजच्या बचतीची पद्धत कर्नाटकात घराघरांत पोचली आहे. एजंट छोटे यंत्र घेऊन दुकानोदुकानी फिरतो, पन्नास-शंभर-दोनशे रुपये घेतो, यंत्रातून पावती काढून देतो आणि गोळा झालेली रक्कम पतसंस्थेच्या खिडकीवर भरतो. ज्याचे खाते खंड न पडता चालते त्याला कर्ज सहज मिळते. म्हणून धंदा न झालेल्या दिवशी दुकानदार म्हणतो, "आजचं टाकून ठेव की, उद्या देतो."

पैसे हातात आल्याशिवाय पावती काढायची नाही, हा नियम. भाऊ पावती काढत आणि तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून भरत. एकशेदहा खात्यांपैकी चौदा दुकानदारांकडे त्यांचे असे येणे साचले होते. दीड वर्षात ते ४१,३०० रुपयांवर गेले होते. त्यांचे कमिशन शेकडा तीन. घर चालायचे ते वहिनींच्या शिलाईयंत्रावर, हे मला नंतर कळले.

बाजारातून त्यांच्याबरोबर चालणे म्हणजे एक अनुभव असे. एका दारात कन्नडमध्ये "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?), पुढच्या दारात "जेवलास काय गा?", तिसऱ्या दारात हिंदी. आमच्याकडे दोन-तीन भाषा सगळेच बोलतात. भाऊ मात्र समोरच्याच्या मापाचा आवाजही काढत. ही देणगी आहे आणि तीत दोष नाही. दोष कुठे होता ते समजायला मला फार उशीर लागला.

त्यांचे बालपण निपाणीत गेले. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील आजारी. महिन्याच्या अखेरीला घरात पीठ संपले की आई या पोराला वाण्याकडे उधारी मागायला पाठवायची आणि सांगायची, "तोंड गोड ठेव." तोंड गोड ठेवले की तांदूळ मिळत. वाण्याच्या कपाळावर आठी पडली की सगळ्यांचे पोट उपाशी. सात-आठ वर्षांच्या मुलाने त्यातून जे उचलले ते पन्नाशीला आले तरी अंगातून गेले नव्हते: समोरच्याच्या कपाळाकडे बघायचे.

याला आणखी एक गोष्ट जोडली गेली, आणि तिच्याबद्दल मंडळीत आपण मोकळेपणाने बोलत नाही. त्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच. वडील सांगत, "आपल्यामुळे प्रभूच्या नावाला बोल लागता कामा नये." शिकवण चांगलीच. पण मुलाच्या कानात ती निराळी शिरली: आपल्याबद्दल कोणी वाईट बोलू नये. प्रभूचे नाव आणि आपले नाव यांची अशी गाठ बसली की एखाद्याला नाही म्हणणे हे भाऊंना साक्ष बिघडवण्यासारखे वाटे. "ख्रिस्ती माणूस नाही कसं म्हणेल, पाळकसाहेब?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वीस वेळा तरी ऐकले असेल. दर वेळी मला त्याचे कौतुकच वाटले.

साठ हजार कुठे गेले

मार्चमध्ये मंडळीच्या एका ज्येष्ठांचा पुतण्या बेळगावात दवाखान्यात होता. ज्येष्ठांनी भाऊंना बाजूला घेऊन पंचवीस हजार मागितले. पंधरा दिवसांत परत देतो, कमिटीत कशाला काढायचे? भाऊ हो म्हणाले. ते दिल्याची कुणकुण गायनमंडळातल्या एका बहिणीला लागली. मुलीची कॉलेजची फी तुंबली होती. "त्यांना दिलंत, मग मला?" याला भाऊंकडे उत्तर नव्हते. वीस हजार गेले. आणि पतसंस्थेत वर्षअखेरीचा हिशेब लागला तेव्हा पिग्मीतली तूट भरायला त्यांनी आणखी पंधरा हजार उचलले. हे तिसरे पैसे कोणी मागितले नव्हते. आधी दिलेल्या 'हो'ची ती किंमत होती आणि ती मंडळीच्या दानपेटीतून गेली.

त्यानंतरच्या सभेत त्यांनी १,८६,००० हा आकडा वाचला. मी विचारले, तो आकडा वाचताना मनात काय होते? ते म्हणाले, "सगळे खूश होऊन बघत होते."

आता माझा वाटा. खाते दोघांच्या सहीचे होते, पाळक आणि खजिनदार. दोन सह्या असतात त्या एकाने दुसऱ्याला थांबवावे म्हणून. मी पाच-पाच कोऱ्या चेकवर सही करून पुस्तक भाऊंकडे देत असे. मला सभांना बाहेरगावी जावे लागे, हे कारण खरे. पण पुरते खरे नव्हे. चेकवर रक्कम लिहा, मगच सही करतो, असे म्हटले तर भाऊंना वाईट वाटेल, माझा विश्वास नाही असे वाटेल, हीही भीती होती. ज्या रोगाबद्दल मी पुढे भाऊंशी तासन् तास बोललो, तो माझ्याच सहीत होता. मंडळीत एक माणूस कधीच नाही म्हणत नाही, हे पाळकाला फार सोयीचे असते. पेट्रोमॅक्सपासून अंत्यविधीच्या गाडीपर्यंत सगळे त्याच्यावर टाकता येते. त्याला त्याची काय किंमत पडते हे मी एकदाही विचारले नाही.

दोन भाषा, दोन शब्द

पैशाची गोष्ट उघडी पडली तशी तिच्याखालून दुसरी निघाली. माझ्या मते ती पैशापेक्षा गंभीर होती.

१८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात सुरू झाले, तेव्हापासून या पट्ट्यातल्या मंडळ्यांत कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी बसत आली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बाहेरच्या जगात या शेजाराला धार आली. आमची उपासना मराठीत. बदल्या होऊन आलेली आणि लग्नसंबंधातून जोडली गेलेली सात-आठ कन्नड घरे गेल्या काही वर्षांत मंडळीत आली. त्यांची मागणी साधी: महिन्यातून एक रविवार कन्नड उपासना व्हावी. मराठी ज्येष्ठांना त्यात बाहेरचे राजकारण आत शिरताना दिसत होते.

भाऊंनी कन्नड घरांना सांगितले होते, "कमिटीत मी आहे ना, करून देतो." ज्येष्ठांना सांगितले होते, "मी असेपर्यंत होणार नाही." दोन्ही बाजू दोन वर्षे त्यांच्या भरवशावर शांत होत्या. एक नोव्हेंबरला तर त्यांची फार ओढाताण होई. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, आणि खातेदार दोन्हीकडे. त्या दिवशी कोणी कुठे जावे, की घरीच बसावे, हा ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न आहे. त्यावर मी व्यासपीठावरून बोलत नाही. पण भाऊ सकाळी एका गटाला "मी तुमचाच" म्हणत आणि दुपारी दुसऱ्या गटालाही तेच.

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच प्रकरण आहे. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची यहुदी माणसे आली तसा तो त्यांच्या भीतीने हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढला गेला. पेत्राचे मत बदललेले नव्हते, सिद्धांतही बदललेला नव्हता; ताटासमोरची माणसे बदलली होती. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले, कारण पेत्राच्या त्या सरकण्याने सुवार्तेचे सत्यच वाकडे होत होते. पंक्तीतून उठवली गेलेली माणसे कोणाला दिसत नाहीत. आमच्याकडे ती कन्नड घरे होती. त्यांना सरळ 'नाही' ऐकायला मिळाले असते तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित दुसरीकडे गेली असती. गोड 'हो'वर त्यांची दोन वर्षे गेली.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. माणसांना खूश करणे म्हणजे प्रेमाचा अतिरेक, असे आपण समजतो; त्यामुळे अशा माणसाला आपण "फारच भोळा हो" म्हणून सोडून देतो. भाऊंच्या प्रकरणात प्रेम कमी पडत होते आणि भीती जास्त होती. ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याला आपण खरे सांगतो. ज्याची आपल्याला भीती असते त्याला आपण गोड सांगतो. नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायात माणसाच्या भीतीला पाश म्हटले आहे. पाशात सापडलेले जनावर जितके ओढते तितका तो आवळतो. भाऊंचा प्रत्येक नवा 'हो' तसाच होता.

पहिली कबुली

बँकेतून परतलो त्या रात्री भाऊ आले. रडले. सगळे सांगितले, एक रुपया लपवला नाही. मग हात धरून म्हणाले, "पाळकसाहेब, कमिटीला कळू देऊ नका. वर्षात भरून देतो. लोकांच्या नजरेतून उतरवू नका मला."

माझे मन द्रवले. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. त्यांना प्रार्थनेला बसवले आणि तेव्हा पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय मनात आला. अमालेक्यांच्या लढाईनंतर, सगळ्याचा नाश करण्याची देवाची आज्ञा असताना, शौल राजाने उत्तम गुरे राखून ठेवली, आणि संदेष्टा शमुवेलाने जाब विचारल्यावर म्हणाला की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले. तिथवर कबुली खरी आहे. पण सहाच वचनांनंतर तो शमुवेलाला विनवतो: मी पाप केले हे खरे, तरी आता माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख. लोकांच्या भयाने पाप झाले, आणि पश्चात्तापही त्याच लोकांकडे डोळा ठेवून.

मी तो भाग वाचला. भाऊ बराच वेळ गप्प होते. "म्हणजे माझं रडणंसुद्धा लोकांसाठीच होतं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "थोडं होतं. माझ्या कोऱ्या सह्या तशाच होत्या. दोघांनी मिळून कमिटीपुढे जाऊ." त्यांनी मान हलवली, पण त्या रात्री त्यांनी होकार दिला नाही. तीन दिवस मागितले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे विचार करायला वेळ मागितला होता. त्याचे मोल तेव्हा मला समजले नाही; मी चिडलो होतो.

त्या तीन दिवसांत त्यांनी आधी वहिनींना सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत, शिलाईयंत्राच्या खणातून एक शंभरपानी वही काढून दिली आणि म्हणाल्या, "यात सगळं लिहा. कोणाला किती दिलं, कोणाला काय कबूल केलं, सगळं." पैशाची पाने चार भरली. शब्द दिल्याची पाने अकरा. लग्नाला येतो म्हटलेले, मुलाला नोकरीला लावतो म्हटलेले, मध्यस्थी करतो म्हटलेले. एकाच रविवारी तीन ठिकाणी प्रार्थनेला येण्याचे शब्दही त्यात होते. ती वही मी पाहिली आहे.

याच दिवसांत मी त्यांना बाबा पदमनजींबद्दल सांगितले. ते इथलेच, १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये त्यांनी लिहिली. मनाने ख्रिस्त पटल्यावरही घरचे काय म्हणतील, जात काय म्हणेल, या ओझ्याखाली ते काही काळ थांबले होते. १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. योहानाच्या बाराव्या अध्यायात अशीच थांबलेली अधिकारी माणसे आहेत: विश्वास होता, पण सभास्थानातून घालवतील म्हणून ओठांवर आला नाही. योहान त्यांच्याबद्दल लिहितो की त्यांना देवाकडल्या गौरवापेक्षा माणसांकडला गौरव प्रिय वाटला. भाऊंना पदमनजींचे थांबणे जास्त भिडले. आपल्याच गावच्या पाण्यावर वाढलेला एक मोठा माणूसही आधी भ्यालेला होता, याचा त्यांना आधार वाटला.

कमिटी

सभेत आधी मी माझे सांगितले, मग भाऊंनी त्यांचे. कोणाकोणाला पैसे दिले ती नावे त्यांनी घेतली नाहीत. घेणाऱ्यांनी स्वतः बोलावे म्हणून थांबले. खोलीत जे झाले ते मला अपेक्षित नव्हते. रागावले दोघेच. बाकीच्यांना घाई होती ती प्रकरण झाकण्याची. "बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? इतर समाजात आपली काय किंमत राहील?" भाऊंच्या वडिलांचे वाक्य कमिटीच्या तोंडून येत होते. तेव्हा माझ्या लक्षात आले की भाऊ या रोगाचे एकटे रोगी नव्हते. मंडळीला नाही न म्हणणारा माणूस हवा होता, आणि तसा एक तिने घडवलाही होता.

बराच वेळ शांतता. मग पंचवीस हजार घेतलेले ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, "पैसे माझ्या घरात गेले आहेत. पुतण्या वाचला. कमिटीत काढू नका असं मीच सांगितलं होतं." त्या वयात, त्या खोलीत ते उठून बोलणे सोपे नव्हते.

असे ठरले की भाऊंनी खजिनदारपद सोडायचे, पण मंडळीतले स्थान तसेच राहायचे. तिघांनी हप्त्याने पैसे भरायचे. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बँकेच्या पासबुकातली शिल्लक उपासनेनंतर वाचायची. हे शेवटचे सुचवताना मी करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला आठवा अध्याय वाचला. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौल एकट्याच्या हाती ठेवत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसे पाठवतो आणि कारण देतो की प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य तेच करण्याची आम्ही खबरदारी घेतो. मला हा भाग या साऱ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी वाटला. देवाला संतोषवायचे म्हणजे माणसांना हिशेब द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. भाऊंनी माणसांना हवे ते दिले होते आणि हिशेब चुकवला होता. पौल हिशेब देतो आणि हवे ते देईलच असे नाही.

छपराचे अर्धेच काम झाले. पूर्वेच्या बाजूला त्या पावसाळ्यात ताडपत्री होती आणि शेवटच्या तीन बाकांवर पाणी ठिबकत राहिले. लोक विचारत, आम्ही सांगत.

उलट टोक

इथे प्रकरण संपले असते तर मी लिहिलेही नसते. पुढच्या दोन महिन्यांत जे झाले ते मला कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

भाऊ बदलले. पैशाशिवाय पावती बंद. नऊ खाती तुटली, ते त्यांनी सोसले. कन्नड घरांकडे जाऊन सांगितले की मी तुम्हाला एक आणि ज्येष्ठांना दुसरे सांगत होतो. मग ज्येष्ठांकडेही तेच. शिव्या खाल्ल्या. इथवर मला आनंद होता. मग एका रविवारी एक म्हाताऱ्या आजी पावसात भिजत आल्या. भाऊ गेली दहा वर्षे त्यांना स्कूटरवरून उपासनेला आणत. त्या दिवशी त्यांनी सांगितले होते, "आता मी माणसांना खूश करायचं सोडलंय, आजी. रिक्षा करा." शेजारी मयत झाली तेव्हा लाकडे आणायला गेले नाहीत. घरात तुटक बोलू लागले. वरून वचन तयार: गलतीकर, पहिला अध्याय, दहावे वचन. तिथे पौल म्हणतो की मी अजून माणसांना संतोषवत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो.

वहिनी माझ्याकडे आल्या. "पाळकसाहेब, आधीचे बरे होते म्हणायची वेळ आली."

चूक माझी होती. मी त्यांना ते एकच वचन दिले होते. त्याच पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की मी सर्व गोष्टींत सर्वांना संतोषवतो. एकाच माणसाची ही दोन वाक्ये. त्यांची सांगड लागली नाही की माणूस या नाही तर त्या टोकाला जाऊन पडतो. करिंथकरांत पौल लगेच पुढे कारण देतो: स्वतःचे हित न पाहता पुष्कळांचे पाहतो, त्यांचे तारण व्हावे म्हणून. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायातही शेजाऱ्याला संतोषवा असेच सांगितले आहे, पण त्याच्या कल्याणासाठी आणि उन्नतीसाठी. आणि उदाहरण ख्रिस्ताचे दिले आहे, ज्याने स्वतःला संतोषवले नाही. गलतीकरांत तो ज्याला नकार देतो ते निराळेच आहे: आपली मान्यता टिकावी म्हणून सुवार्तेला मुरड घालणे.

मी भाऊंना विचारले, "आजींना आणत होता तेव्हा तुम्हाला काय मिळत होतं?"

"काही नाही. उलट उशीरच व्हायचा."

"कोणी बघायचं?"

"सुरुवातीला बघायचे. नंतर सवयीचं झालं."

"मग तेच एक काम तुम्ही देवासाठी करत होता, आणि नेमकं तेच सोडलंत."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या रविवारी आजी स्कूटरवर आल्या.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून वहीतल्या अकरा पानांवरच्या एकेका शब्दापुढे लिहून काढले: हे मी कबूल केले तेव्हा कोणाचे भले डोळ्यांपुढे होते, त्याचे की माझ्या नावाचे? काही ठिकाणी दोन्ही होते. माणसाचे मन इतके स्वच्छ कापले जात नाही, आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल अंतःकरणे पारखणाऱ्या देवाचा आधार घेतो तो यासाठीच असावा. आपल्याला आपले पारखता येत नाही. जिथे दोन्ही होते तिथे आम्ही काम ठेवले आणि प्रार्थना केली. जिथे फक्त नाव होते तिथे भाऊ जाऊन म्हणाले, "मी हो म्हणालो होतो, पण मला जमणार नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं." एका ठिकाणी लग्नघरातून त्यांना उठवून लावले. बहुतेक ठिकाणी लोक म्हणाले, "अहो, आम्ही विसरलोही होतो." हे त्यांना जास्त लागले. ज्या कपाळांकडे बघत आयुष्य काढले, त्या कपाळांमागे बहुतेक वेळा भाऊंचा विचारही नव्हता.

आता

पुढच्या डिसेंबरमध्ये छप्पर पुरे झाले. साठ हजार रुपये पूर्ण जमा व्हायला चौदा महिने लागले. गायनमंडळातल्या बहिणीचा शेवटचा हप्ता सर्वांत उशिरा आला, पण आला. कन्नड उपासनेचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही. कमिटीत उघड चर्चा झाली, मतदान झाले, मागणी थोडक्यात फेटाळली गेली. आता दर रविवारी एक शास्त्रपाठ आणि एक गीत कन्नडमध्ये असते. दोन घरे दुसऱ्या मंडळीत गेली. त्यातल्या एका कुटुंबप्रमुखाने जाताना भाऊंना सांगितले की नकार सोसता येतो, पण ती दोन वर्षे विसरता येत नाहीत. भाऊंनी ऐकून घेतले, समर्थन केले नाही.

मला अजून सवय पुरती सुटलेली नाही. मागच्याच महिन्यात नव्या खजिनदारांनी घाईत चेक पुढे केला, रक्कम लिहायची होती. पेन हातात घेतल्यावर थांबलो.

पिग्मीच्या चौदा दुकानदारांपैकी अकरा जणांनी पैसे दिले, दोघांनी निम्मे. एका दुकानदाराने ६,२०० रुपये दिलेच नाहीत आणि खातेही बंद केले. बाजारपेठेत ते दुकान भाऊंच्या रोजच्या वाटेवर आहे. तिथे आता ते यंत्र पिशवीतून काढत नाहीत, पैशाचा विषयही काढत नाहीत. दुकानदाराने हाक मारून चहा विचारला तर थांबतात, बाकड्यावर बसून पितात, आणि त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी करून पुढच्या दाराला जातात.